दोन दाराचा फ्रीज

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर सोललेल्या कोळंबीसारखं आहे, सगळं एका बाजूला वाकलेलं. शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. कुठे पहिली वेलांटी, कुठे दुसरी, ते मी अंदाजाने देते. लेकीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. पुढच्या बाजूला पोट फाडलेला मासा, मागच्या बाजूला मी. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागते, कारण पुढचा सगळा घोळ एका शब्दानेच झाला.

माझं शिक्षण चौथी. गावच्या शाळेत चौथीला इतिहासात शिवाजी महाराज होते. महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि माझं शिक्षण संपलं. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि पलीकडे मुलींना कोण पाठवणार. त्यामुळे महाराष्ट्र मला किल्ल्यांवरून माहीत आहे. कुणी साताऱ्याचं म्हटलं की माझ्या डोक्यात आधी अजिंक्यतारा येतो, मग माणूस.

लग्न होऊन लालबागला आले ती चाळीतल्या या खोलीत. आमचे हे एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. मी मासळी बाजारात एका कोळणीकडे कोळंबी सोलायला बसते. तिला सगळा बाजार मावशी म्हणतो, मीही मावशीच म्हणते. कामाला तोंड लागत नाही म्हणून हे काम मला बरं पडलं. गिऱ्हाइकाशी मावशी बोलते. मी मान खाली घालून सोलते. लहानपणापासून मला चारचौघांत आवाजच फुटत नाही. कुणी काही विचारलं की मी आधी मान हलवते आणि नंतर विचार करते. या सवयीने माझं नुकसान पुष्कळ झालं, पण एकदा फायदाही झाला. तोच सांगते.

लेक बारावी सायन्स झाली. मार्क असे, की डॉक्टर होण्याइतके नाहीत आणि सोडून द्यावं इतके वाईट नाहीत. असे मार्क पडले की अख्खी चाळ सल्ला द्यायला लागते. तळमजल्यावरचे काका बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले, "बी.कॉम. कर, बँकेची परीक्षा दे. मी तेच केलं." काका लागले त्या काळी नोकरी घरी येऊन विचारायची, आत येऊ का म्हणून. समोरच्या खोलीतल्या वहिनींचं म्हणणं इंजिनिअरिंग. त्यांचा मुलगा पनवेलच्या पुढे कुठेतरी इंजिनिअर झाला आणि आता फोन करून लोकांना कर्ज विकतो. त्याने एकदा मलाच फोन लावला होता. मी मान हलवली, पण फोनवर ती दिसत नाही, म्हणून वाचले.

लेकीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जेवताना म्हणाली, "मला फिशरीज करायचंय."

"म्हंजे काय?" हे म्हणाले.

"माशांचं कॉलेज असतं, बाबा. चार वर्षांची डिग्री. सरकारी आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. हे चिडले किंवा चकित झाले की मालवणीवर येतात. "मासे शिकूक कॉलेजात जावचा लागता? सिंधुदुर्गातलो माणूस मी. माझ्या आयशीन कधी फी भरली होती?"

लेकीचं खूळ काही कालचं नव्हतं. लहानपणी माझ्याजवळ बाजारात बसायची आणि विचारायची, कोळंबी शिजली की लाल का होते? मी म्हणायचे, लाजते. शाळेत बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, पोर्शनमध्ये नाही. तेव्हापासून ही, ते ज्या पोर्शनमध्ये आहे तो पोर्शन शोधत होती.

तिने नकाशा काढून दाखवला, कुठे कुठे कॉलेज आहे ते. रत्नागिरीला एक, नागपूरला एक, लातूरकडे उदगीरला एक. मी नागपुरावर बोट ठेवलं. "इथे समुद्र कुठे?"

"तळ्यातले मासे, आई."

हे म्हणाले, "तळ्यातलो मासो खाणारो जावई माका नको." म्हणजे रत्नागिरी चालणार, असा मी त्याचा अर्थ घेतला.

मग कॉम्प्युटरवर फॉर्म भरणं, याद्या लागणं असं सुरू झालं. पहिल्याच राउंडला रत्नागिरी लागलं. लेक धावत आली. "आई, आता सीट फ्रीज करायची, आणि परवापर्यंत कॉलेजात जाऊन पैसे भरायचे."

"फ्रीज म्हणजे?"

"म्हणजे गोठवायची. ही जागा माझी, दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं सांगायचं."

मला ते फार आवडलं. आपल्यासारख्यांना अशी गोष्ट गोठवायला कधी मिळते? पण फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट सगळं धरून तीस हजार हवे होते. आमच्याकडे होते त्यात एसटीचं तिकीट आणि एक गादी आली असती. पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्याची. ह्यांनी कंपनीत ॲडव्हान्स मागितला, तर साहेब म्हणाला पुढच्या महिन्यात बघू. राहिली मावशी. मावशीकडे मागायचं म्हणजे तोंड उघडायचं. त्या रात्री मी वाक्य पाठ केलं. "मावशी, लेकीची सीट फ्रीज करायची आहे, परवापर्यंत, तीस हजार लागतील, मी फेडीन."

सकाळी बाजारात बर्फवाल्याची गाडी आलेली, सगळे ओरडत होते. मी वाक्य म्हटलं. पण माझा आवाज, आणि तो बर्फवाला. सुरुवातीचं लेक आणि सीट बर्फात गेलं. मावशीच्या कानावर पडलं ते एवढंच, फ्रीज, परवापर्यंत, तीस हजार.

"ऑफर हाय काय गो?" मावशी म्हणाली.

मी मान हलवली. मला वाटलं जागेला ऑफर म्हणत असतील.

"कंच्या कंपनीचा?"

"सरकारी," मी म्हटलं.

"सरकार फ्रीज देते? बायकांची योजना असल. कुठं मिळतंय?"

"रत्नागिरीला."

"आग लागो त्या सरकारला. माणसं लालबागला आन् योजना रत्नागिरीला." मावशीने कंबरेची पिशवी सोडली, मग गाळ्याच्या आतल्या डब्यातून आणखी काढले. "हे घे. एका दाराचा नको घेऊ. दोन दाराचा घे. वरचा कप्पा मोठा बघ. नारळी पुनवेनंतर माल उरतो तो मी कुठं ठेवू? तुझ्याकडं ठेवीन. व्याज नको मला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नोटा माझ्या पदरात होत्या. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं आली, पापलेटच्या भावावरून मावशीची त्यांच्याशी जुंपली आणि मी कोळंबी सोलायला बसले. बोलायला दिवस पडला होता. दिवस संपला तरी मी सोलतच होते.

लेक गेली. खोलीत तिच्या वह्या-पुस्तकांचा कोपरा मोकळा झाला. मावशी रोज विचारायची, "आला काय?" मी म्हणायचे, "येईल." पाऊस होता, रस्ते खराब असतील, अशी समजूत मावशी स्वतःच घालून घ्यायची.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या आणि माल यायला लागला. एका संध्याकाळी दारात मावशी उभी. डोक्यावर पाटी, पाटीत बांगडे आणि चार पापलेट. जिने चढून धापा टाकत होती. आत आली, मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मोरीतसुद्धा डोकावली.

"कुठाय गो?"

"रत्नागिरीला," मी म्हटलं.

"अजून?"

"चार वर्षं लागतील."

मावशी खाली बसली. हे घरातच होते, नुकतेच ड्युटीवरून आलेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या मदतीला धावले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सीट, फ्रीज, कॉलेज, मासे. मावशी ऐकत होती. तिचा राग मला माहीत आहे, तो आधी नाकपुड्यांत येतो.

"माशांचं कॉलेज," ती म्हणाली. "माझा सगळा जन्म मासे विकण्यात गेला. मला कुणी डिग्री दिली नाय. आन् तुझी पोर माझ्या पैशानं मासे शिकतेय. माझ्याकडं बसव म्हणावं पाटीवर, फुकट शिकवते, वर पगार देते."

ह्यांनी मावशीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"गणपतीच्या आत पैसे आण. नायतर पोरीला आण. दोनातलं एक."

आता बोलायचं तर मलाच होतं, कारण ह्यांचं बोलणं संपलं होतं. गणपतीला तीन आठवडेही नव्हते. पैसे परत आणायचे म्हणजे लेकीचं नाव काढून आणायचं. मी मान हलवणार होते. मान निम्मी हललीसुद्धा. मग मी ती थांबवली.

"पोर येणार नाही," मी म्हटलं. "माझ्या मजुरीतून अर्धे कापून घ्या रोज. आणि फ्रीज मी म्हटलंच नव्हतं. सीट फ्रीज म्हटलं होतं. बर्फवाला ओरडत होता."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. इतकं लांब बोलताना तिने मला कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "आन् ही पाटी? ही आता मी कुठं ठेवू, तुझ्या सीटवर?"

ठेवायला जागा नव्हती, म्हणून बांगडे तळले. काका खालून वासावर आले, वहिनी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या, त्यांचा इंजिनिअर दोन पापलेट एकटा खाऊन गेला. मावशीही जेवली, रागात जेवली, पण चार बांगडे खाल्ले. जाताना म्हणाली, "अर्धे नको, पाव कापीन. खाशील काय?"

मग वर्षं गेली. मध्ये कोरोनात सगळंच बंद पडलं तेव्हा लेक घरी बसून मोबाईलवर मासे कापायला शिकली, म्हणजे सर तिकडे कापायचे आणि ही इकडे बघायची. बाजारही बंद होता, मजुरी नाही, मग कापणार कशातून? मावशीने विषय काढला नाही. मीही नाही. न बोलण्यात मी आधीच तयार होते.

सुट्टीत लेक बाजारात आली की मावशी तिची परीक्षा घ्यायची. एकदा बांगडा उचलून विचारलं, "ह्याला काय म्हणतात तुझ्या कॉलेजात?"

"रास्ट्रेलिजर कानागुर्टा."

"अशी हाक मारली तर येतो काय जाळ्यात?" सगळा बाजार हसला. लेकही हसली. तिच्या अंगात माझा लाजरेपणा आला नाही, हे त्या कॉलेजापेक्षा मला मोठं वाटतं. कोळंबी लाल का होते तेही तिने येऊन सांगितलं. लाल रंग आधीपासूनच असतो म्हणे, शिजल्यावर सुटतो. मी लाजते म्हणत होते ते अगदीच चुकीचं नव्हतं.

शेवटच्या वर्षी चाळ पुन्हा जागी झाली. "पुढे काय?" काका विचारायचे. लेक सांगायची, सरकारच्या मत्स्य खात्यात परीक्षा देऊन लागता येतं, बँकांनाही शेतीचे अधिकारी लागतात त्यात आम्ही चालतो, कोळंबीची शेती करता येते, निर्यातीच्या कंपन्या आहेत, पुढे शिकताही येतं. बँक ऐकल्यावर काकांचा चेहरा खुलला. "मी म्हणत नव्हतो?" वहिनी म्हणाल्या, "सगळं येतं, पण लागलं कुठे?" ते खरंच होतं. दोन परीक्षा दिल्या, दोन्हींत राहिली. आठ महिने घरी होती. त्या आठ महिन्यांत मावशीने एकदाही पाटीचं नाव काढलं नाही, यावरून मला कळलं की तिलाही धाकधूक आहे.

शेवटी तळोज्याला मासे बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत लागली. माल तपासायचा, चांगला-वाईट ठरवायचा. पगार फार नाही, वाशीला तिघींत एक खोली. पहिल्या आठवड्यात तिने मोबाईलवर फोटो पाठवला. जाड कोट, टोपी, तोंडातून वाफ, आणि मागे आमच्या चाळीएवढी खोली, छतापर्यंत खोकी.

मी फोटो मावशीला दाखवला. मावशीने चष्मा लावला.

"हे काय?"

"फ्रीज," मी म्हटलं.

मावशी बराच वेळ बघत होती. "दोन दाराचा सांगितला होता," ती म्हणाली. "हिने एवढा मोठा घेतला?"

माझे फिटता फिटता शेवटचे दोन हजार उरले होते. लेक म्हणाली, ते मी देते. मी म्हटलं, मुळीच नाही, पैसे मी आणलेत. तरी द्यायची पद्धत तिचीच. माझ्या मोबाईलमध्ये तिने ते पैसे द्यायचं ॲप घालून दिलं आणि शिकवलं. काल सकाळी मावशीच्या गाळ्यावर चिकटवलेल्या चौकोनावर मी मोबाईल धरला. मला वाटलं गुपचूप होईल. पण त्या चौकोनाखाली एक डबा बसवलेला असतो, तो सगळ्या बाजारात ऐकू जाईल असा बोलला, "दोन हजार रुपये प्राप्त झाले."

सगळ्या कोळणींनी माना वळवल्या. बर्फवालासुद्धा थांबला, थांबायचं तेव्हा थांबला नव्हता तो.

"मेला, बोंबलतो किती," मावशी डब्याला म्हणाली. मग कोळंबीची पाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "फिटले गो सगळे. आता पुरी मजुरी घे."