रोज मरी

सूनबाईनं नारायणगावच्या नर्सरीतून एक रोप आणलं आणि तुळशीशेजारी कुंडीत लावलं. पानं सुईसारखी, वास कापराच्या जवळचा. नाव विचारलं तर म्हणाली, "रोझमेरी."

"रोज मरी? रोपाला असलं नाव कुणी ठेवतं का, बाई?"

ती हसली. मला हसू आलं नाही. माझी बायको जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

मग एक दिवस माझ्या चहात तो पाला तरंगताना दिसला. पोराच्या चहात आलं, तिच्या चहात गवती चहा, आणि हे मला एकट्यालाच. का?

"गुडघ्याला बरं असतं, मामा."

गुडघे तर पोराचेही दुखतात.

जुन्नरच्या बाजाराला गेलो तेव्हा एक काडी खिशात घालून नेली. तिथं जडीबुटी विकणारे चाचा आहेत, जुनी ओळख. त्यांनी पान चुरगाळून हुंगलं.

"परदेशी पाला हाय, भाऊ. तिकडं समुद्राकाठी उगवतो, मटणात घालत्यात. तेल सांध्याला चोळत्यात, केसाला लावत्यात. आन याददाश्तीला लई चांगला म्हणं."

"कशाला?"

"ध्यानात ऱ्हायला. खरंखोटं अल्ला जाणे, मी इकत न्हाई."

म्हणजे माझा संशय खरा. म्हातारी शेवटी शेवटी सगळं विसरली होती. पोटच्या पोराला विचारायची, "पावणं, कुठल्या गावचं?" आता घरच्यांना वाटतंय, म्हाताराही त्याच वाटेनं निघाला.

घरी आलो आणि चपला काढायच्या आधी विचारलं, "मी येडा झालो असं वाटतंय का तुला?"

तिनं हातातला झाडू ठेवला. मग म्हणाली, "मामा, तुमी रोज दुपारी दोन कप मागता. आत्याबाई गेल्यात हे..."

"ठाव हाय मला. राख मीच सावडली तिची. तिच्या जागेवर कप ठेवल्याबिगर चहा घशाखाली उतरत न्हाई, म्हणून मागतो. ध्यान गेलं न्हाई माझं."

तिनं डोळ्याला पदर लावला. तरी माझा भरवसा बसला नाही.

दुसऱ्या दिवशी न मागता दोन कप आले. मी दोन्ही हुंगले. एकात पाला होताच.

"चुकून पडला," म्हणाली.

चुकून म्हणे! बिनपाल्याचा मी घेतला. पाल्याचा म्हातारीच्या जागेवर ठेवला. विसरायची ती. गुण यायचा असला तर तिला येऊ दे.