मुळासकट दिलेल्या तुराट्या

तुरीचं झाड उभं वाळवणाऱ्या मर रोगावर काम करायचं तर आधी रोग सांभाळावा लागतो. मंगरूळपीरच्या रस्त्याला लागून आमच्या कृषी संशोधन केंद्राचा एक तुकडा त्यासाठीच राखलेला होता. त्याला आम्ही ‘सिक प्लॉट’ म्हणायचो. मेलेल्या झाडांची मुळं बारीक करून त्याच मातीत मिसळायची आणि दरवर्षी नवे वाण पेरून कोणता उभा राहतो ते पाहायचं. मी तिथला सहायक. तिथलं काही बाहेर न्यायचं नाही, निघताना पायाची मातीसुद्धा धुवायची, हा नियम मजुरांना मीच सांगायचो.

मजुरांत एक बाई होती. झाड उपटून, बुंधा विळ्याने चिरून मर रोगाची खूण असलेली आतली काळी रेघ दाखवण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चपळ. किन्हीराजाकडच्या माहेराहून तिने तुरीचं बी आणलं होतं. नवऱ्याच्या दोन एकरांत ते लावायची आणि त्या डाळीचं वरण डब्यात आणून मला बळेच वाढायची.

एका वर्षी तिला शेतातल्या गोठ्याला काड्यांच्या भिंतीचा कूड घालायचा होता. हंगाम संपला की तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, मजुरांनी न्यायच्या, ही आमच्याकडची रीत. पण बाकीच्या प्लॉटांतल्या तुराट्या इतर बायांनी आधीच नेल्या होत्या. सिक प्लॉटच्या कडेला उपटलेल्या झाडांचा ढीग तेवढा उरला होता. तिने तो मागितला. वरण खाल्लेल्या तोंडाने नाही म्हणवेना. ने म्हणालो. मुळं तोडून इथेच टाक, एवढंही म्हणालो नाही. मुळं तिने आपल्या शेतात तोडली, आणि पुढच्या नांगरटीत ती मातीत गेली.

दोन हंगामांनंतर फुलावर आलेलं, वाळलेलं एक झाड घेऊन ती आली. मी बुंधा चिरला. काळी रेघ आम्हा दोघांनाही दिसली. कुठून आली हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, पाणी साचलं असेल.

अर्धं शेत गेल्यावर नवऱ्याने दोष बियाण्याला दिला. तुझ्या माहेरचंच बी मरकं, म्हणाला, आणि रिसोडहून सोयाबीन आणलं. बियाण्यासाठी उरलेल्या तुरीच्या तिने घुगऱ्या केल्या. ‘मरक्या बियाची’ अशी घरी आता नवी शिवी निघाली आहे, असं ती हसत सांगायची. वरण मात्र पुन्हा आणलं नाही.

निवृत्तीनंतरही हे मी कुणाला सांगितलं नाही. यंदा दिवाळीनंतर एसटीने तिच्या गावी गेलो. दोघं नवरा-बायको ओट्यावर होती. मी न बसताच बोललो.

“दादा, यायच्या माहेरच्या बियात खोट नव्हती. रोग आमच्या प्लॉटातला. मीच देल्ला, तुराट्यांसंगं.”

नवरा काठीच्या टोकाने जमीन उकरू लागला. “म्हंजे इतके वर्षं मी हिले...” म्हणाला आणि थांबला.

ती माझ्याकडे पाहत होती. “तवाच काहून नाही सांगतलं, भाऊ? माय दरसाल बी देऊन राह्यली होती, मी घेतलं नाही. पोरीले आपलं बी नको झालं, असंच समजून मरून गेली थे.”

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

नवऱ्यानेच तिला विचारलं, “तुया भाऊ अजून लावते ना थे तूर?”

“धुऱ्या-बांधावर दोन ओळी. शेंगा खायापुरत्या.”

“मंग आण ओटीभर. लावू.”

मी सांगितलं, गोठ्याच्या बाजूला नको. नाल्यापलीकडे लावा, ज्वारीसोबत; तिच्या संगतीत मर रोग कमी येतो. तरी टिकेलच असं नाही, हेही या वेळी सांगितलं. ती आत गेली. चहा आला.

मी निघालो तेव्हा तिने ओट्याखालच्या बादलीकडे बोट केलं.

“पाय धुऊन जा, भाऊ. तुमचाच नियम हाय.”

मी पाय पुढे केले. पाणी तिनेच घातलं.