हलगी न वाजवणारे उकंडराव

उकंडरावांचा आवाज बारीक होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण स्टँडवर गाड्या पुकारणारा म्हटलं की लोकांना वाटतं, चांगला पहाडी आवाजाचा गडी असणार. दिग्रसच्या मोटार स्टँडवर मी खिडकीत बसून तिकिटं फाडायचो आणि हे पत्र्याचा कर्णा घेऊन बाकावर उभे असायचे. शेजारी कापसाच्या जिनिंगची घरघर, डोक्यावर पत्रे, बाजाराच्या दिवशी शेंगदाणेवाल्यांचा गलका. तरी त्यांचं अक्षर न् अक्षर माझ्या खिडकीपर्यंत यायचं.

हे काही उपजत नव्हतं. त्यांच्या घराकडे पिढ्यानपिढ्या गावची दवंडी होती. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि परत आल्यावर हलगी खाली ठेवली, ती ठेवलीच. गाव सोडून स्टँडवर रोजंदारीला लागले. सुरुवातीला तेही सगळ्यांसारखे ओरडतच होते.

एका बाजाराच्या दिवशी पुसदची गाडी कुठे लागली हे काही लोकांना कळलंच नाही. गाडी चुकली, तक्रार झाली. स्टँडचे साहेब तसे वाईट नव्हते, पण तोंडाला येईल ते बोलून मोकळे व्हायचे. म्हणाले, कर्ण्यानं भागत नाही, उद्यापासून आधी हलगी वाजवा, तुमच्या घरचीच विद्या आहे. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. उकंडरावांच्या घरी दुसरी कमाई नव्हती.

"साहेब, हलगी मी वाजवत नाई," ते शांतपणे म्हणाले. "माह्या बापाले नाई म्हणता येत नव्हतं. मले येते. येत्या बाजाराले लोकायले ऐकू नाई आलं, तं काढा मले."

तो आठवडा त्यांनी एकेका ड्रायव्हरजवळ बसून घालवला. काय शिजतंय ते मला कळेना. बाजाराच्या दिवशी बाकावर चढून त्यांनी नुसता हात वर केला, आणि एकेक करत सगळ्या ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. गलका आपसूक उतरला. लोक बघायला लागले.

"पुसद," ते म्हणाले आणि थांबले. पुसदवाले पुढे सरकल्यावर म्हणाले, "निंबाखाली." पुन्हा एकदा तेवढंच. साहेबांनी शिकवलेलं 'प्रवासी बंधुभगिनींनो' त्यांनी साफ गाळून टाकलं होतं. गाडी भरून गेली, मागे कोणी राहिलं नाही. साहेबांनी हलगीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मध्ये थांबता कशाला, असं मी एकदा विचारलं. "ज्याच्या गावाचं नाव घेतलं, त्याचे कान येतेत," ते म्हणाले. "ते येऊ द्या, मंग बोला. वरडलं का लोक आवाज आयकते, गोष्ट नाई आयकत." इतकं शहाणपणाचं बोलणं मी फार थोड्यांकडून ऐकलं आहे.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ते तापानं गेले. दुसऱ्या दिवशी कर्णा माझ्या हातात आला. मी बाकावर चढून हात वर केला. इंजिनं थांबली. आपल्या गावाचं नाव येईल म्हणून लोकांनी माना वर केल्या.

"उकंडराव," मी म्हणालो आणि त्यांच्यासारखाच थांबलो. पुढचा शब्द काही निघेना. ड्रायव्हरांना तो कळला होता. बराच वेळ कोणी गाडी सुरू केली नाही.