अवसभाऊचा जळालेला फोटो

चंद्र दिसला की अवसभाऊचं तोंड उतरायचं. पौर्णिमेला तर तो धड बोलतही नसे. दिवसा महागावच्या बाजूला लग्नाचे फोटो काढायचा आणि अवसेच्या रात्री तांड्यामागच्या शिवारात ताऱ्यांचे. खरं नाव वेगळं होतं; पण अवसेला घरी न सापडणाऱ्या माणसाला तांड्याने दुसरं काय म्हणावं?

या माणसाने मला फार छळलं. मी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत होतो, आणि हा मध्यरात्री डोक्याला लाल दिवा बांधून, तीन पायांचं स्टँड घेऊन टेकडी चढत होता. लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, एवढंच कारण. लोकांच्या लेखी तो गुप्तधन शोधत होता. त्यापायी त्याची ढाणकीची सोयरीक मोडली.

"जाऊन सांग ना त्यांना!" मी चिडलो.

"काय सांगू? तारे पाह्यतो म्हणून? त्याच्यापेक्षा गुप्तधनच बरं वाटते लोकाईले. तू काढ एक पत्रक."

झोपेचं तर त्याने वाटोळंच केलं होतं. एका लग्नात कॅमेऱ्याला डोळा लावून उभ्याउभ्या झोपला. नवरदेवाचा मामा खेकसला, "ओ फोटोवाले, हार घालून झाले!" याने शांतपणे दोघांना हार काढायला लावले. "पुन्हा घाला. आता हसून."

रस्त्याच्या कडेला एक पळस होता. फाल्गुनात, पहाटेआधी, आकाशगंगा त्याच्या फांद्यांमधून वर यायची. तो एक फोटो त्याला हवा होता. एका वर्षी ढग आले, एका वर्षी कुणीतरी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पेटवलं आणि सगळा धूर झाला. मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि झाडावर चुन्याची फुली पडली. उरली एकच अवस.

त्या रात्री मीही गेलो. आभाळ लख्ख होतं. आकाशगंगा फांद्यांत आली, त्याने शटर उघडलं; आता मिनिटभर कुठला उजेड पडायला नको. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "कोण हाय रे तिथं?"

सोनाबाई होती. तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. शेतपंपाला वीज रात्रीच मिळणार, म्हणून म्हातारी भुईमुगाला पाणी द्यायला निघालेली, आणि वाटेत बॅटरी विझलेली.

"थांब याडी, पाय नको उचलू!" अवसभाऊने मोटरसायकलचा दिवा लावला आणि तिला मागे बसवून विहिरीपर्यंत नेलं. परत आला तेव्हा पूर्व पांढरी झाली होती.

"फोटो गेला!" मी ओरडलो.

"गेला."

"आणि झाडही जाणार!"

"मंग? अंधारात सापावर पाय देऊ द्याचा का तिले?"

अशा माणसाशी भांडायची सोयच नसते.

झाड तुटलं. तोही नागपूरच्या एका स्टुडिओत नोकरीला गेला. पुढे शेतीला दिवसा वीज द्या म्हणून मी पत्रक काढलं, त्यावर त्या रात्रीचा, त्याने माझ्याकडे टाकून दिलेला बिघडलेला फोटो छापला: पांढऱ्या झोतात विरलेली सोनाबाई, खांद्यावर फावडं, वर दोनचार तारे. लगेच त्याचा फोन.

"काहून छापला बे तो? लाइटानं सारा जळेल हाय. झाड दिसूनच नाही राह्यलं."

"मग चांगला कुठून आणू?"



"याडीले दिवसाची लाइन भेटली का?"

"नाही."

"मंग छाप अजून."