सरदारजवळ कोण कोण गेलं होतं

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी कागद घेतला आणि कुणाकुणाला कळवायचं ते लिहून काढलं. शेवटच्या नावाशी हात अडखळला... दगडूभाऊ, कागल. काकांच्या तबेल्यात वीस वर्षं घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, माझ्यामुळे काढून टाकले गेलेले.

काका रेसच्या घोड्यांचे ट्रेनर. पेठ वडगावहून पुण्याला घोड्यांचा खरारा करायला गेलेल्या या माणसाने पुढे स्वतःचा तबेला उभा केला. मी पुतणी, तिथलं लिहिण्याचं काम माझ्याकडे. घोड्याच्या पायांवरून हात फिरवून कुठला पाय उद्या दुखणार ते काका सांगायचे. माणसांवर मात्र भरवसा नाही. चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, खोलीला कुलूप, किल्ली कमरेला, पाणीसुद्धा आधी स्वतः चाखायचे. "घोडा खोटं बोलत न्हाय," म्हणायचे.

काकांच्या लाडक्या घोड्याने, सरदारने, मोठी शर्यत मारली आणि त्याच्या लघवीच्या तपासणीत शर्यतीला बंदी असलेलं कॅफीन निघालं. शर्यत हातची गेली, काकांचं लायसन्स वर्षभर बंद झालं. काका म्हणाले, "त्या सकाळी त्येच्याजवळ कोण कोण गेलतं, लिही." मी नऊ नावं लिहिली. काका एकेक तपासून खोडत गेले, दगडूभाऊ उरले. त्यांनी मान खाली घालून पेटी उचलली. ती मान मला कबुलीच वाटली.

काकांच्या दहाव्याला दगडूभाऊ आले. मी सरळच विचारलं, "भाऊ, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"ताई, अजून त्येच व्हय?" ते हसले. "त्या सकाळी सरदार चंदीला तोंड लावंना. मग मालकांनी आपल्या बशीतला च्या पाजला त्येला. दोन बशा. लाडच तसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मालकानंच घोडा बाद केला म्हणून सांगू? जगलं असतं व्हय त्ये? आन तुमी तरी कुठं मालकांचं नाव लिवलंतं?"

नव्हतंच लिहिलं. सुचलंही नव्हतं.

तेव्हा माझ्या तोंडून ज्यांनी दगडूभाऊंबद्दल ऐकलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे : त्यांनी काही केलं नव्हतं.

काकांना ठाऊक होतं का? संशय जात नाही. त्याच वर्षी त्यांनी चहा सोडला, पित्त होतं असं सांगून. त्यांची औषधं शेवटपर्यंत मीच आणत होते... पित्ताची गोळी त्यांत कधीच नव्हती.