स्पेनचं लसणाचं सूप, चऱ्होलीत

परदेशी जाऊन आलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. लोक विचारतात, आपण सांगतो, आणि सांगता सांगता रडण्यासारखी गोष्टसुद्धा हसण्यासारखी होऊन बसते. आमच्या पिंपरीच्या कॅन्टीनमध्ये तर सगळ्यांची खात्रीच आहे की आम्ही स्पेनमध्ये सहा महिने नुसते जेवत होतो!

गेलो आम्ही तिघं. औषधाचा कारखाना नवा होता, कंपाउंडच्या पलीकडे अजून ज्वारी उभी असायची. तिकडच्या लेओन गावातल्या कारखान्यात काम शिकायला आम्हाला पाठवलं. पेंडसेसाहेब केमिस्ट, मी त्यांच्या लॅबमधला, आणि ज्ञानोबा फिटर. ज्ञानोबा चऱ्होलीचा, एकुलता एक, गळ्यात तुळशीची माळ. मटण-मासे तर सोडाच, अंड्यालाही शिवायचा नाही.

निघताना त्याच्या आईनं माझा हात धरला. "पोराची माळ सांभाळा. बाटून आला तर माझ्या पंगतीला बसायचं न्हाई, सांगून ठेवते."

मी हो म्हटलं. तिथंच चुकलं.

*

आम्ही दोन्या कार्मेन, म्हणजे कार्मेनबाई, ह्या विधवा बाईकडे राहायचो. तिच्याकडे दुपारचं जेवण तीनला आणि रात्रीचं दहाला. सगळ्या गावाचीच ती रीत!

पहिल्या दिवशी ज्ञानोबा संध्याकाळी सातलाच टेबलाशी जाऊन बसला. मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून. दहा वाजेपर्यंत हलला नाही.

"राव, ह्या मुलखात मान्सांना भूक लागत न्हाई का?" त्यानं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं गल्लीभर सांगितलं, की माझ्याकडे हिंदुस्थानातला एक मोठा भक्त उतरलाय, रोज तीन तास प्रार्थना करतो.

*

तिथल्या बारमध्ये एक झकास पद्धत होती. वाइनचा ग्लास घेतला की सोबत खायला काहीतरी फुकट. पेंडसेसाहेबांचं जेवण चार बारमध्ये मिळून उरकायचं!

ज्ञानोबानं विचारायला लावलं, "नुसतं खायाला मिळंल का?"

बारवाल्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "खाणं आम्ही विकत नाही."

मग तोड निघाली. ज्ञानोबानं ग्लास मागवायचा, तो साहेबांनी प्यायचा, आणि ऑलिव्ह ज्ञानोबानं खायचे. चौथ्या बारमधून साहेबांना आम्ही दोघांनी खांद्यावर घालून घरी आणलं. ज्ञानोबा उपाशीच!

"मानूस माझ्या भुकेपायी वाया गेला," तो वाटेत म्हणत होता.

*

एका रविवारी कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फोरमननं आम्हाला आपल्या खेड्यात जेवायला नेलं. त्या भागात जेवण उलटं वाढतात. आधी मांस, मग हरभरे आणि कोबी, शेवटी सूप!

ज्ञानोबाला मी म्हटलं, "थांब जरा, हरभरे येतायत." तो थांबला. मांसाची सात ताटं त्याच्या नाकासमोरून गेली. अखेर हरभरे आले, वाफाळते. त्यानं हात पुढे केला.

"हे त्याच मांसाच्या पाण्यात शिजलेत," साहेब म्हणाले. केमिस्ट माणूस, खरं बोलायची वाईट सवय.

ज्ञानोबानं हात मागे घेतला आणि कोरडा पाव मोडला. त्यातला तुकडा खाली पडला. त्यानं तो उचलून कपाळाला लावला. म्हातारा फोरमन एकदम उठून आला, तो तुकडा त्यानं ज्ञानोबाच्या हातातून घेतला, त्याचा मुका घेतला आणि परत दिला. पडलेल्या पावाचा तिथंही तोच मान! त्या दिवशी ज्ञानोबा उपाशी, पण खुशीत घरी आला.

*

पण खुशीनं पोट भरत नाही. दुसऱ्या महिन्यात तो मशीनपाशी चक्कर येऊन कोसळला. डॉक्टर म्हणाला, खाल्लं नाही तर हा जिवंत परत जायचा नाही.

त्या दिवशी दोन्या कार्मेननं लसणाचं सूप केलं. लसूण, शिळा पाव, तांबडी मिरचीपूड. "मांस नाही!" बाईनं छातीवर क्रूस काढला. ज्ञानोबानं तीन वाट्या घेतल्या आणि ढसाढसा रडला. "आयेच्या हातची आमटी हाय राव!"

मग रोज तेच. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी त्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून तिची भाषा शिकायचो. एकदा सहज पातेलं ढवळलं, तर पळीला डुकराचं हाड लागलं.

"हे काय?"

"मांस कुठंय? हाड आहे. चवीला!" बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते मांस नव्हतंच.

मी तिच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी तिनं हाडाशिवाय केलं. ज्ञानोबानं दोन घास घेऊन वाटी सारली. "आज म्हातारीचं ध्यान न्हाई." आणि उपाशी झोपला.

तिसऱ्या दिवशी हाड पुन्हा पातेल्यात आलं. मी ते पाहिलं आणि गुपचूप बाहेर आलो. फक्त साहेबांना सांगितलं, त्यांनाही शपथ घातली. चार महिने आमच्या तोंडाला कुलूप. ज्ञानोबा जेवताना हसायचा आणि मला माझीच लाज वाटायची.

*

परत आल्यावर ज्ञानोबानं आम्हाला चऱ्होलीला जेवायला बोलावलं. ओसरीवर पंगत, मधोमध आई.

"माळ सांभाळली न्हवं पोरानं?" तिनं मला विचारलं.

"सांभाळली." त्यानं सांभाळलीच होती.

ज्ञानोबानं स्वतः चुलीपुढे बसून ते सूप केलं होतं. लसूण शेतातला, पाव देहूरोडच्या बेकरीतला. "ह्याच्यावर जगलो, आये," म्हणत त्यानं तळहातावर थेंबभर घेऊन चाखलं आणि थांबला.

"न्हाई राव. ती चव न्हाई आली. काय कमी पडलं?"

"सांगा की," आई मला म्हणाली. "तुमी त्या बाईच्या सैपाकघरात बसायचा म्हनं."

पेंडसेसाहेब तांब्याकडे बघत बसले.

"मीठ," मी म्हणालो.

ज्ञानोबानं एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. मग त्यानं चिमूटभर मीठ टाकलं, पळीनं ढवळलं आणि आईच्या वाटीत वाढलं.

"आता आली बघ, आये. अगदी तीच चव!"

मीठ टाकल्यावर त्यानं चाखलंसुद्धा नव्हतं.