लाळ की बेडका

क्षयरोगाच्या अभ्यासासाठी गावोगाव थुंकीचे नमुने गोळा करण्यात माझी निम्मी नोकरी गेली; मी डॉक्टर नाही, पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात. आमच्या फॉर्ममध्ये एक छोटा रकाना असतो : नमुना कसा आहे, लाळ की बेडका. छातीतून आलेल्या घट्ट बेडक्यात जंतू सापडतात. लाळेचा भरवसा नाही. लाळ असली तर डबी परत द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. नव्याने येणाऱ्यांना हे मीच शिकवतो. अजूनही शिकवतो.

पवनीकडच्या एका गावात रोवण्याच्या दिवसांत सकाळीच एका घरी गेलो होतो. धान लावायला बाया निघायच्या बेतात होत्या. त्या घरच्या म्हाताऱ्याला क्षय निघाला होता, म्हणून सगळ्यांची तपासणी. त्याची सून, एका तान्ह्या पोरीची आई, महिन्यापासून खोकत होती. सासू दारातच उभी.

"खोकला बी माहेरूनच आणला तिनं," सासू म्हणाली. "आंदणात भांडे कमी अन् खोकला जास्त."

सासऱ्यासमोर सुनेनं खाकरून थुंकायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच तिला डबी घेऊन घरामागच्या सांदवाडीत पाठवलं. खोकल्याचा आवाज काही आला नाही. ती परत आली, पदराआडून डबी पुढे केली. मी उजेडात धरली. पाण्यासारखं पातळ, वर फेस. कुणीही सांगितलं असतं की ही लाळ आहे. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. आणि मी रकान्यात लिहिलं : बेडका.

का लिहिलं? इथेच मी अडकतो. कधी वाटतं, पुढची घरं बाकी होती, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, एवढंच. कधी वाटतं, तिच्या नजरेत विनवणी होती आणि मला दया आली. दुसरं कारण जरा बरं दिसतं, म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

रिपोर्ट आला : जंतू आढळले नाहीत. पुढच्या वर्षी ती मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात दिसली. हातात स्वतःच्या गोळ्या, कडेवर पोरगी. पोरीच्या खुब्यात क्षय उतरला होता. दोघी बऱ्या झाल्या, पण पोरीचा एक पाय आखूड राहिला. रोग तिला आईकडून लागला की आजोबांकडून, हे कुणालाच सांगता येणार नाही. या आडोशाला मी कितीतरी वर्षं बसून काढली. बायकोलाही कधी बोललो नाही.

मागच्या हिवाळ्यात शेवटी त्या घरी गेलो. ती अंगणात धान पाखडत होती.

"ताई, त्या दिवशी डबीत लाळ होती," मी म्हणालो. "मले दिसली होती. मी खोटं लिहिलं."

तिचं सूप थांबलं. आता ही शिव्या देईल, असं वाटलं.

"मी मुद्दामच लाळ देल्ली, साहेब. बिमारी निघाली असती त बुढीनं मले माहेरी धाडलं असतं अन् पोरगी ठेवून घेतली असती." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तुमाले दिसली होती?"

"हो."

"मंग काहून नाई बोल्ले? मले वाटलं, डॉक्टरनं उजेडात धरून पाह्यली, तरी ठेवून घेतली. म्हणजे आपल्या आंगात काही नसंन. मनून मी पोरीले कुशीत घेऊन झोपत गेली."

वाटेत माफीची वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही इथे बसेना. तिची चूक कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, याचा मी मनाशी काहीतरी हिशेब धरला होता, तोही गेला.

तेवढ्यात सासू चहा घेऊन आली. "काय म्हणून राहिले डॉक्टर?"

"पोरीचा पाय इचारून राहिले," सून म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. डबी पुढे करताना पाहिलं होतं, अगदी तसंच.

मी मान डोलावली. बोलायलाच आलो होतो, पण पुढे बोललो असतो तर म्हातारीसमोर तिचंही उघडं पडलं असतं. गप्प राहिलो ते तिच्यासाठीच, असं मला वाटलं. त्या सकाळीही बहुतेक असंच वाटलं असेल.

"चाय थंडी होऊन राहिली, डॉक्टर," सासू म्हणाली.

मी कप उचलला.